दाराजवळचा कोनाडा

नाझनीननं जाता जाता मोबाईल काढला आणि पॅसेजमधल्या स्टुलाचा फोटो घेतला. एकानं समाधान झालं नाही म्हणून वाकून आणखी एक घेतला. स्टुलावर ताट होतं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं, शेजारी पाण्याचा तांब्या आणि तांब्यावर फुलपात्र. मागं बंद दार. "मॅडम, हे भारी आहे," ती म्हणाली. "सगळ्यांनीच मला हे सांगायचा प्रयत्न केला, पण नेमकं काय हवंय ते कुणाला सांगता येईना. दाराबाहेर अशी एक जागा. कुणीतरी ताट ठेवून जायचं, आतल्या माणसानं सवडीनं घ्यायचं. झोपमोड नाही, उगाच बोलणं नाही. आता प्रत्येक खोलीच्या दाराजवळ मी एक कोनाडाच दाखवते." हन्ना पाटोळे तिला फाटकापर्यंत सोडायला निघाली होती आणि वाकून चपलेचा पट्टा लावत होती. "बघ, जमतंय का," ती म्हणाली.

नाझनीन पुण्यात इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत होती. पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाच्या बर्फातलं आपलं जुनं संशोधन केंद्र आता थकलं होतं, त्याच्या जागी नवं उभं करायचं घाटत होतं आणि कागदावर रेघ ओढण्याआधी तिथं राहून आलेल्या संशोधकांना विचारून बघावं, असं कुणाला तरी सुचलं होतं. सरकारी कामात असं सुचणारा माणूस विरळा, पण निघाला खरा. म्हणून ही पोरगी गावोगाव हिंडत होती. तिची अम्मी नगरला मुकुंदनगरात राहायची, त्यामुळं हन्नाच्या घरची, भिंगारची खेप तिला सोपी पडली. रविवारी अम्मीच्या हातची बिर्याणी आणि त्याआधी हन्नाचं मत. लोकांनी तिच्यापुढं मनं अगदी मोकळी केली होती. कुणाला बूट वाळवायला वेगळी खोली हवी होती, कुणाला प्रयोगशाळेला खिडकी हवी होती, आणि हिमनद्यांचा अभ्यास करणारे एक ज्येष्ठ गृहस्थ तर पाऊण तास फक्त संडासाच्या कडीबद्दल बोलले होते. पण एक मागणी सगळ्यांची होती. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, जाड भिंत, आवाज न येणारं दार. नाझनीननं आराखडा टेबलावर पसरला तेव्हा हन्नाला त्यात एका लांब बोळाच्या दोन्ही अंगांना ओळीनं खोल्याच खोल्या दिसल्या. स्वयंपाकघर बोळाच्या पार टोकाला होतं, वासही येऊ नये इतकं लांब. "तिथं तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" नाझनीननं विचारलं होतं. हन्नानं क्षणभर विचार केल्यासारखं दाखवून सांगितलं, "पाण्याच्या पाइपचा." नाझनीननं ते लिहून घेतलं. उत्तर काही खोटं नव्हतं.

फाटक लावून हन्ना परत आली आणि पॅसेजमध्ये स्टुलापुढं उभी राहिली. ही वस्तू तिनं आज पहिल्यांदाच पाहिली असं म्हणायला हरकत नव्हती. म्हणजे रोज स्टुलाला वळसा घालूनच ती कॉलेजात शिकवायला जायची, दोनदा तिच्या पायाला त्याचा कोपरा लागलाही होता. पण पाहणं म्हणतात ते हे. पोरीनं फोटो काढला आणि घरातलं स्टूल एकदम भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखं झालं. लाकडी, चार पायांचं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. हे इथं कुणी आणून ठेवलं? तिनं ठेवलं नव्हतं. बायडाबाईनं ठेवलं असावं. बायडाबाई गेली कित्येक वर्षं घरात स्वयंपाकाला येत होती, आणि खाली फरशीवर ताट ठेवणं तिला पटलं नसणार, मुंग्या येतात म्हणून. म्हणजे आधी ताट फरशीवर होतं. त्याच्या आधी टेबलावर होतं, हन्नाच्या समोर, आणि ताटामागं स्टीफन होता. टेबलापासून फरशीपर्यंत आणि फरशीपासून स्टुलापर्यंत ते कधी गेलं, हे कितीही आठवलं तरी तिला सांगता येईना. पावसाळा संपत आला होता तेव्हा ते नक्की स्टुलावर होतं, कारण तांब्यावर फुलपात्र पालथं घालायला तिनंच सांगितलं होतं, पाण्यात चिलटं पडतात म्हणून.

स्टीफन, तिचा नवरा, भिंगारच्या लष्करी वर्कशॉपमध्ये होता. वर्दीतला नव्हे, सिव्हिलियन. ट्रकचं बॉनेट न उघडता तो इंजिनाचं दुखणं सांगायचा, आणि संध्याकाळी घरी आला की ग्रीस आणि लोखंडाचा वास त्याच्या आधी दारातून आत यायचा. गेल्या उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. समारंभ झाला, घड्याळ मिळालं, शाल मिळाली, फोटोत सगळे हसले. पहिला महिना त्यानं घर दुरुस्त करण्यात घालवला. नळ, फॅन, शिवणाचं मशीन, जे सापडेल ते. घरातल्या सगळ्या कड्याकोयंड्यांना तेल घातलं, सगळ्या बिजागऱ्या घासून बसवल्या. तेव्हापासून या घरात कुठलंच दार वाजत नाही. मग दुरुस्तीला काही उरलं नाही. तो व्हरांड्यात बसू लागला. मग मागच्या खोलीत बसू लागला. भांडण नाही, तंटा नाही, कुणी गेलं नाही, कुणाशी बिनसलं नाही. बोट ठेवावं असं काहीसुद्धा नव्हतं. हन्ना कॉलेजात असली की तो बाहेर येतो, आंघोळ करतो, दाढी मात्र करत नाही, असं बायडाबाई सांगायची. पाळक येऊन गेले, दाराबाहेरून प्रार्थना करून गेले. आतून "आमेन" आलं, व्यवस्थित, खणखणीत. डॉक्टर म्हणाले, घेऊन या. घेऊन यायचं म्हणजे आधी दार ओलांडायला हवं, ते राहिलं. बंगळूरहून लेकीचा फोन आला की हन्ना सांगायची, पप्पा आराम करताहेत. सगळेच म्हणत, आराम करू द्या, जन्मभर राबलाय माणूस. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्या कोल्हारच्या, प्रवरेकाठच्या, बोललेलं खरं करणाऱ्या. मूठ झाकलेलीच राहिली.

ताटाखालून आमटीचा वास येत होता, अजून गरम असावी. हन्ना खुर्ची ओढून पॅसेजच्या तोंडाशी बसली. तिला कधी कुणी न विचारलेला प्रश्न त्या पोरीनं विचारला होता आणि तिनं पाइपाचं नाव पुढं केलं होतं. त्या बर्फात ती एक पूर्ण हिवाळा राहिली होती, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली असताना. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवणं हे तिचं काम. त्यासाठी केंद्रापासून थोडी लांब एक लाकडी झोपडी होती, तिच्यात एकही लोखंडी खिळा नव्हता, आणि आत जाण्याआधी पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, केसांचा चाप, सगळं बाहेर काढून ठेवायचं. स्टीफनला हे कळवलं तेव्हा तो फोनवर हसला होता, म्हणाला, मग मला तर तिथं घेणारच नाहीत. तुकडीत ती एकटी बाई. बाकीचे एका खोलीत दोघं-दोघं. तिला कोपऱ्यातली स्वतंत्र खोली दिली, दाराला नवी कडी बसवून दिली, आणि सगळे इतके सांभाळून वागत की तिला कधी कधी आपण काचसामान आहोत असं वाटे. शेवटचं जहाज गेलं, मग काही दिवसांनी सूर्य गेला. पहिल्यांदा असं झालं की तिला कणकण होती आणि ती जेवायला गेली नाही. कुणीतरी ताट आणून दाराबाहेर ठेवलं, त्यावर दुसरं ताट झाकलं, दार हळूच वाजवलं आणि निघून गेलं. तिला बरं वाटलं. आईची आठवण आली. दुसऱ्या दिवशी कणकण नव्हती, तरी ती गेली नाही, आणि ताट आलं.

त्यात कुणाचं काय चुकलं? हे तिनं नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं आणि उत्तर एकच आलं, कुणाचंच नाही. आपल्याकडं जो वेळेवर जेवायला येत नाही त्याचं ताट वाढून झाकून ठेवतात. घरचा माणूस असो की पाहुणा, ताट न ठेवणं हा त्याचा अपमान. तिथं स्वयंपाकघराची पाळी आठवड्याआठवड्यानं बदलायची, कधी मल्याळी, कधी बंगाली, कधी पंजाबी. पण ताट झाकायचं कुणाला शिकवावं लागलं नाही. मॅडमना त्रास नको. मॅडम वाचत असतील. ती वाचत नव्हती. ती पलंगावर बसून दाराकडं बघत असायची. झोपडीतल्या नोंदींना ती जायची, चुकवली नाही, पण लोक झोपलेले असत तेव्हा. आणि परत येऊन पुन्हा कडी. पावलं यायची, ताट टेकल्याचा आवाज यायचा, पावलं जायची. सुरुवातीला तिला त्या पावलांबद्दल कृतज्ञता वाटे. मग ती कोणाची आहेत याचा अंदाज करायचा तिला नाद लागला. मग तोही गेला. मग एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की पावलं दारापाशी थांबली की ती श्वास रोखून धरते, कुणी हाक मारेल या भीतीनं. आणि कुणी मारत नाही. रविवारी फोनवर स्टीफन विचारायचा, जेवलीस का, आणि ती ताटात काय काय होतं ते सगळं सांगायची, लोणच्याच्या फोडीपर्यंत. खरं तर ताट हाच सगळा घोळ होता. ताट येत होतं तोवर ती होती. ताट रिकामं होऊन परत जात होतं तोवर ती बरी होती. दाराच्या अलीकडं माणूस असलाच पाहिजे असं त्या व्यवस्थेत कुठं लागतच नव्हतं. एखादं मांजर ठेवलं असतं तरी चाललं असतं.

मग एका रविवारी ताट आलं नाही. तिनं वाट पाहिली. बाहेर वाऱ्याचा आवाज होता, दुपार असली तरी खिडकीत काळोखच होता, आणि ताट नव्हतं. थोड्या वेळानं तिनं दार किलकिलं करून पाहिलं, रिकामी जमीन. तेव्हा तिला जो राग आला तो तिच्या आजही लक्षात होता, त्याची चवसुद्धा, जिभेखाली पत्रा ठेवल्यासारखी. एवढे चांगले लोक, आणि विसरतात म्हणजे काय? ती तशीच, केस न बांधता, पायमोज्यांनी तरातरा स्वयंपाकघरात गेली. तिथं कुणी नव्हतं. शेगडी बंद, भांडी कोरडी. तळ्यातून पाणी आणणारा पाइप गोठला होता आणि सगळी तुकडी वाऱ्यात पाइप मोकळा करायला गेली होती, हे तिला खुंट्यांवरचे कोट नाहीसे झालेले पाहून कळलं. त्यात रविवार, पाळी बदलायचा दिवस. जुन्याला वाटलं नवा ठेवील, नव्याला वाटलं जुना ठेवून गेला. असंच झालं असणार. ती रागानं तिथंच उभी राहिली. मग एक डबा उघडला, त्यात तांदूळ निघाले. दुसऱ्यात डाळ. रागाच्या भरात माणूस काहीतरी आपटतोच, तिनं पातेलं आपटलं, आणि नळाला पाणी नव्हतं म्हणून दारातलाच बर्फ त्यात भरून शेगडीवर चढवलं. माणसं परत आली तेव्हा त्यांच्या भुवयांवर बर्फ होता आणि मोठ्या पातेल्यात सगळ्यांना पुरेल इतकी खिचडी होती, जराशी करपलेली. कुणीतरी बाकावर थोडं सरकून तिला जागा करून दिली. ती बसली. त्यानंतर ती रोज गेली, आणि सूर्य यायला अजून बरेच दिवस होते.

तुकडीचे प्रमुख कानिफनाथ आव्हाड म्हणून होते, पाथर्डीकडचे, मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. मोठ्या मोठ्या बैठकांत फर्डं इंग्रजी बोलायचे आणि हन्ना दिसली की गावाकडची भाषा. कमी बोलायचे, आणि दोरखंडांच्या गाठी स्वतः तपासायचे, दुसऱ्यावर सोडायचे नाहीत. परतीच्या जहाजाची वाट बघत दोघं उभी असताना हन्नानं त्यांना विचारलं. महिनेच्या महिने ती ते वाक्य मनात घोळवत होती. सर, त्या दिवशी माझं ताट ठेवायचं विसरलं होतं, की मुद्दाम? आव्हाड सर एका पेटीची दोरी आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "कुठलं ताट वो?" ते म्हणाले, आणि दोरी आवळत राहिले. पुन्हा विचारायचं धाडस तिला झालं नाही. पुढं त्यांची-तिची भेट दोन-तीनदा झाली, परिषदांमध्ये, चहाचे कप हातात घेऊन; प्रत्येक वेळी ती जवळ जायची आणि ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखी भलतंच काही विचारून यायची. काही वर्षांपूर्वी ते वारले. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. चूक होती, असं मानलं तर तिचं पुढचं सगळं आयुष्य पाळीच्या घोळावर उभं होतं. मुद्दाम होतं, असं मानलं तर एका माणसानं तिला उपाशी ठेवायचं ठरवलं होतं, आणि ती बाहेर आली नसती तर? त्या 'तर'ला तिनं कधी हात लावला नव्हता.

स्टुलावरचं ताट नाहीसं झालं होतं. ती समोर बसलेली असताना. कधी दार उघडलं, कधी हात आला, काही कळलं नाही. बिजागऱ्यांना तेल होतं. थोड्या वेळानं ते रिकामं होऊन परत येणार होतं, घासलेलं, कारण स्टीफन आतल्या मोरीत ताट धुऊन ठेवायचा. बायडाबाईला त्याचं फार कौतुक. आणि हन्नाला आता पहिल्यांदाच भीती वाटली. आतापर्यंत वाटत होती ती काळजी. काळजीला सवय होते, माणूस तिच्याबरोबर कॉलेजात जाऊन तास घेऊन येतो. ही भीती निराळी होती. आपण त्या दाराच्या दोन्ही बाजूंना राहिलेलो आहोत आणि तरीही आपल्याला दिसलं नाही, पुण्याच्या एका पोरीनं कौतुकानं फोटो काढेपर्यंत दिसलं नाही. तिला स्टीफनचा रागही आला. बावीस ट्रक एका दिवसात तपासणारा माणूस हा. मग स्वतःचा आला, तो जास्त वेळ टिकला.

संध्याकाळी बायडाबाई आली तेव्हा हन्नानं तिला सांगितलं की आज भाकरी टाकू नकोस, शेंगोळे करायचेत, आणि तेही मी करीन. तू फक्त हुलग्याचं पीठ काढून दे, लसूण-मिरची वाटून दे आणि घरी जा. बायडाबाईनं लसूण सोलता सोलता विचारलं, सायबांचं ताट कोण ठेवणार? हन्ना म्हणाली, कुणी नाही. बायडाबाईचा हात थांबला. ती मनानं चांगली बाई, स्टीफनला भावासारखं मानायची. तिच्या थोरल्याची रिक्षा त्यानं दोनदा फुकट दुरुस्त करून दिली होती.

"उपाशी ठिवायचं का मानसाला?" ती म्हणाली. "आजारी मानूस हाय त्यो."

"म्हणूनच," हन्ना म्हणाली.

"आन न्हाई आले भायेर तर?"

हन्नानं परात पुढं ओढली. "तर उद्या बघू," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाचा तिला राग आला, कारण तो वर्गातल्या आवाजासारखा स्थिर होता. बायडाबाईनं वाटण वाटीत काढलं, हात धुतले, आणि जाताना दोनदा मागं वळून पाहिलं. लई कठीण झालात म्याडम, असं ती दाराशी पुटपुटली, ऐकू जावं अशा बेतानं. ती गेल्यावर हन्नानं पॅसेजमधलं स्टूल उचललं. पुठ्ठ्याची घडी तिथंच राहिली, फरशीवर, चौकोनी. स्टूल तिनं स्वयंपाकघरात नेऊन ओट्याशेजारी ठेवलं. एका पायानं ते जरा लंगडत होतं.

नाझनीनचा फोन आला तेव्हा ती व्हरांड्यात गेली. कँटोन्मेंटच्या मैदानाकडून बॅटचा ठोका ऐकू येत होता, रस्त्यानं कुणी भेळवाला घंटी वाजवत चालला होता. नाझनीन पुण्याच्या वाटेवर होती. तिनं कोनाड्याचं रेखाचित्र गाडीतच करून साहेबांना पाठवलं होतं, त्यांना ते आवडलं होतं. सगळ्या सूचनांत ही एकच अशी होती की जिला खर्च नाही आणि विरोध नाही. तुमचं नाव घालू ना मॅडम, ती म्हणाली, कल्पना तुमच्या घरातली आहे.

"कोनाडा काढून टाक," हन्ना म्हणाली.

मग नाझनीननं विचारलं, का, काही चुकलं का? सगळ्यांनी मागितलंय मॅडम, जे जे हिवाळा राहिलेत त्या सगळ्यांनी.

"मागणारच. मीही मागितला असता." हन्नाला वाटलं इथं थांबावं, पण बोलणं सुरू झालं होतं. "स्वयंपाकघर त्या टोकाला नको, मधे आण. खोल्यांतून कुठंही जायचं तर तिथून जावं लागेल असं कर. माणसाला जेवायला बाहेर यावं लागलं पाहिजे. आणि बाक ठेव, सुट्ट्या खुर्च्या नकोत. बाकावर सरकून जागा करता येते."

"मॅडम, हे लिहायचं कसं? ते कारण विचारतील."

"सांग, तिथं राहून आलेल्या एका बाईचं मत आहे. कारण तिला नीट सांगता येत नाही." आणि जरा थांबून तिनं जोडलं, "फोटोही काढून टाक, बेटा. ते बरोबर नाहीये, आमच्या घरातलं." नाझनीननं हो म्हटलं, पुढं काही विचारलं नाही. शहाणी मुलगी होती. एका मताला तिथं किती किंमत मिळेल हे हन्नाला ठाऊक होतं. पंचवीस जणांनी दार मागितलं आणि एकीनं नको म्हटलं, तर इमारत दारांचीच होणार. पण ते आता तिच्या हातात नव्हतं आणि हे होतं.

तिनं परातीत पीठ घेतलं, वाटण घातलं, हळद-मीठ घातलं आणि घट्ट मळलं. गॅसवर फोडणी करून पाणी टाकलं. शेंगोळे हा एकटीनं करायचा पदार्थ नव्हेच. पिठाची बारीक वळी करून, कडं वळून, एकेक उकळत्या पाण्यात सोडायचं, आणि एकजण सोडत असेतोवर दुसऱ्यानं वळत राहायचं. कोल्हारला सासूबाईंच्या शेजारी बसून स्टीफन शेंगोळे वळायचा; बोटं जाडजूड, पण कडी एकसारखी, साच्यातून काढल्यासारखी. गल्लीतल्या बायका हसायच्या, त्याला काही वाटायचं नाही. हन्नाची कडी तुटत. ती वळत राहिली. जेवणाची नेहमीची वेळ आली. लसणाचा वास स्वयंपाकघर भरून पॅसेजमध्ये गेला असणार, दाराखालून आतही गेला असणार. दार वाजलं नाही. या घरात दार वाजत नाही, हे ती स्वतःला सांगत राहिली. म्हणजे वाजलं नाही याचा अर्थ उघडलं नाही असा होत नाही. पाणी आटायला लागलं, तिनं वाटीभर आणखी घातलं. जेवणाची वेळ टळली. समोरच्या घरातल्या बातम्या संपून मालिका सुरू झाली. उठून त्या दारापाशी जावं, ताट वाढावं, झाकावं, ठेवावं, हे इतकं सोपं होतं की तिचे हात दोनदा ताटाकडं गेले. दोन्ही वेळा तिनं ते पुन्हा पिठात घातले. तो काही येत नाही, हे तिनं मनाशी कबूल केलं. बायडाबाईचं खरं. सगळीच माणसं चिडून बाहेर येत नसतात. काही नुसती आत भुकेली राहतात, आणि त्यांना तसं ठेवणाऱ्याला काय म्हणायचं हे तिला ठाऊक होतं. त्या बर्फात ताट न ठेवणारा कुणी असलाच, तर तो त्या दुपारी पाइप मोकळा करताना मनातल्या मनात स्वतःचं काय काय ऐकत असेल, हे तिला आत्ता कळलं.

शेवटी तिला वास आला. ग्रीसचा नव्हे, तो केव्हाच गेला होता; न धुतलेल्या चादरीचा, बंद खोलीचा. तिनं वर पाहिलं नाही. दाराच्या चौकटीत स्टीफन उभा होता, हे तिला फरशीवर पडलेल्या त्याच्या सावलीवरून दिसलं. सावली रुंद होती, दाढीमुळं हनुवटीशी अस्ताव्यस्त. तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्याचा श्वास जोरात चालला होता आणि तो कशाचा श्वास आहे हे तिला ओळखीचं होतं. जिभेखाली पत्रा.

"माझं ताट कुठंय?" तो म्हणाला. कितीतरी दिवस न वापरलेला आवाज.

ती वळत राहिली. तो दोन पावलं आत आला. ओट्याशेजारचं स्टूल त्याला दिसलं असावं, कारण तो थांबला. आणि मग त्यानं विचारलं, हळू, अगदी त्याच क्रमानं, जसं तिनं एकदा बर्फात उभं राहून विचारलं होतं.

"विसरलीस, की मुद्दाम?"

हन्नाचे हात क्षणभर थांबले. उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं, दोन्ही उत्तरं आली होती, आणि दोन्हींच्या मागं एक दार होतं ज्यातून तो परत आत जाऊ शकला असता. तिला रडू येत होतं. तिनं पिठाचा एक गोळा तोडला, पोळपाटाच्या पलीकडच्या कडेला, स्टुलाच्या बाजूला ठेवला, आणि परातीवरची नजर न उचलता म्हणाली, "कुठलं ताट?"